सायकलला मोटर बसवून दोन वर्षं: साताऱ्याच्या चढावर दोन मोटरी अन तीन बॅटऱ्या

आधीच सांगून टाकतो, ही माझी दुसरी मोटर आणि तिसरी बॅटरी आहे. म्हणजे ज्याचे पैसे दोनदा पाण्यात गेलेत त्याचा हा रिव्ह्यू आहे, आठवड्यात माल वापरून पाच स्टार देणाऱ्याचा नाही. आता जे लावलंय ते पावणेदोन वर्षं चाललंय (बॅटरी त्यातली दीड वर्ष) आणि मी समाधानी आहे, पण इथपर्यंत यायला जे धक्के खाल्ले ते वाचून कुणाचे आठ-दहा हजार वाचले तर वाचू देत.

मी राहतो समर्थ मंदिराच्या बाजूला, कामाला एमआयडीसीत, स्टोअरला. सातारा ज्यांनी पायी फिरून बघितलंय त्यांना माहितीये, हे गाव अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला उतारावर बसलंय. सकाळी मी घरातून निघतो, राजवाडा, वरच्या रस्त्यानं पवई नाका, मग गोडोली आणि पुढं कंपनी, साडेसहा किलोमीटर, त्यातलं निम्मं तर पॅडलला पाय नुसते टेकवून. आणि सकाळी जे फुकट मिळालं ते संध्याकाळी व्याजासकट परत द्यायचं, आठ तास उभं राहून आल्यावर. वय ४६, डावा गुडघा कुरकुरणारा. डॉक्टर म्हणले सायकल चालवा पण चढावर जोर लावू नका. आता साताऱ्यात चढ सोडून सायकल चालवायची म्हणजे पोहायचं पण भिजायचं नाही असं झालं. गाडी आहे घरी, पण सायकल सोडायची नव्हती, म्हणून हा उद्योग.

पहिला प्रयोग स्वस्तातला. एका दुकानात (नाव घेत नाही, गावपण सांगत नाही) साडेसात हजारात "पूर्ण इलेक्ट्रिक करून देतो" म्हणले. त्यांनी लावली एमवाय १०१६, म्हणजे ती गोल डब्यासारखी २४ व्होल्टची ब्रशवाली मोटर, जी व्हिडिओत सगळ्यांच्या सायकलला दिसते. मागच्या चाकाशेजारी पट्टी ठोकून बसवायची, तिच्या दाताला वेगळी चेन आणि ती चेन मागच्या चाकाला लावलेल्या जास्तीच्या चकतीवर. बॅटऱ्या दोन, १२ व्होल्ट ७ अँपिअर अवरच्या (अँपिअर अवर म्हणजे बॅटरीत किती मावतं त्याचं माप), लेड अॅसिडच्या, यूपीएसमध्ये असतात त्या, दोन्ही मिळून पाच किलो, कॅरिअरला पिशवीत बांधलेल्या. पहिल्या दिवशी पोरगं खूश, मी खूश. आवाज मात्र पिठाच्या गिरणीसारखा, गल्लीत शिरलो की शेजारच्या काकू खिडकीतून विचारायच्या, आलात का?

ही मोटर वाईट आहे असं म्हणणार नाही, सपाट गावात, कमी वजनाला, पोरांच्या प्रोजेक्टला ठीक आहे. पण ती मुळात अडीच हजारांच्या वर आरपीएमनं (मिनिटाला फेऱ्या) फिरणारी मोटर, एका छोट्या दातावर चेन टाकून जेवढा स्पीड कमी होतो तेवढाच, त्यामुळं चढाला ताकद पुरत नाही आणि करंट मात्र भरमसाठ ओढते. चेन उतरायची ती वेगळीच, पट्टी हलली की चेन तिरकी. आणि लेड अॅसिडचा स्वभाव असा की हळूहळू करंट घेतला तर कागदावरचं सगळं देते, एकदम ओढला तर निम्म्यावरच माघार. राजवाड्यापर्यंत यायची कशीबशी, तिथून पुढं मी त्या पाच किलोच्या बॅटऱ्या आणि बंद मोटर पायांनी वर ओढायचो, म्हणजे आधीपेक्षा वाईट. पावसाळ्यात दीड महिना सायकल लावून ठेवली, बॅटऱ्या उतरलेल्या अवस्थेत तशाच राहिल्या आणि कायमच्या बसल्या. ती चूक माझी, लेड अॅसिड रिकामी ठेवायची नसते हे माहीत असायला हवं होतं.

त्यानंतर मात्र दोन महिने काहीच विकत न घेता नुसतं गणित मांडलं. ते गणित सांगतो कारण मोटर कुठली हे त्यावरनं ठरतं.

मी ७४ किलो, सायकल १६, मोटर-बॅटरी मिळून ७, डबा-बाटली-रेनकोट ३. झाले १०० किलो. सपाट रस्त्याला ताशी २० नं जायला साधारण १०० वॉट पुरतात, एवढं तर निरोगी माणसाचे पायच देतात. पण पाच-सहा टक्क्यांचा चढ आला, म्हणजे १०० मीटर पुढं गेल्यावर पाच-सहा मीटर वर, की १५ च्या स्पीडला त्याच १०० किलोला ३०० वॉटच्या आसपास लागतात. त्यातले ८०-१०० माझे. उरलेले दोनशे मोटरनं चाकाला द्यायचे, आणि चढावर मोटर सत्तर-पंचाहत्तर टक्केच कामाला लावते, बाकीची गरमी. म्हणजे बॅटरीतून पावणेतीनशे-तीनशे. तर २५० वॉटची मोटर चढाला पुरते का, तर पुरते, पाय मारले तर. अॅक्सिलेटर पिळून नुसतं बसून राहायचं असेल तर नाही पुरत, आणि ते साताऱ्यातच काय कुठल्याच चढावर नाही पुरत.

मग दुकानदार लगेच म्हणतो, सर ७५० वॉटची घ्या ना, कोण बघतंय. बघणारा आहे. नियम साधा आहे, मोटरची पॉवर २५० वॉटपेक्षा कमी आणि स्पीड ताशी २५ च्या खाली असेल तर नंबर नको, लायसन नको, ती सायकलच. त्याच्या वर गेलात की ती कायद्यानं मोटरगाडी झाली, मग पासिंग, इन्शुरन्स सगळं लागतं आणि घरी बसवलेल्या किटला पासिंग मिळणं अवघड. उद्या पवई नाक्यावर कुणाला धक्का लागला तर तुम्ही विनापासिंग, विनाइन्शुरन्स गाडी चालवणारे ठरता. शिवाय सायकलचे ब्रेक शू त्या स्पीडसाठी नसतात. माझं मत, २५० च्या वर जायचं असेल तर सरळ स्कूटी घ्या.

(वॉटच्या आकड्याची एक गंमत पण सांगतो. मोटरवर २५० लिहिलेलं असतं पण कंट्रोलर, म्हणजे मोटरला करंट मोजून देणारा डबा, १५ अँपिअरचा असला तर ३६ व्होल्टला तो ओढू देतो ५४० वॉट, थोडा वेळ. लिहिलेला आकडा हा सतत चालवायचा आहे. म्हणून एकाची २५० ची मोटर चढावर पळते आणि दुसऱ्याची २५० ची रडते. मोटरचे वॉट विचारण्याऐवजी कंट्रोलर किती अँपिअरचा हे विचारा.)

आता मोटर किती प्रकारच्या, तर कामाच्या तीन. एक चाकातली साधी, डायरेक्ट ड्राईव्ह, आत गिअर नसतात, जड असते पाच-सहा किलोची, टिकाऊ, पण बंद असताना चाकाला ओढते आणि हळू स्पीडच्या चढावर तापते. दोन, चाकातलीच पण गिअरवाली, आत नायलॉनचे तीन छोटे गिअर आणि एक क्लच, वजन अडीच-तीन किलो, बंद असताना चाक मोकळं फिरतं. तीन, पॅडलच्या जागी बसणारी मिड ड्राईव्ह, बाफांगची बीबीएस०१ किंवा टोंगशेंगची टीएसडीझेड२ वगैरे, जी सायकलच्याच चेननं आणि गिअरनं ताकद देते. चढासाठी राजा तीच. एका मित्राची टीएसडीझेड२ चालवून बघितली बोगद्याच्या चढाला, तिच्यात टॉर्क सेन्सर आहे, तुम्ही जेवढा पाय दाबाल त्या हिशोबानं ती जोर लावते, असं वाटतं की आपलेच पाय अचानक पंचवीस वर्षांचे झालेत. पण किंमत चाकातल्या (हब) मोटरच्या दुपटीच्या पुढं, चेन आणि मागचे दाते लवकर झिजतात, आणि काही बिघडलं तर साताऱ्यात कुणाकडं न्यायची. मी नाही घेतली. ज्यांना रोज यवतेश्वर घाट चढायचाय त्यांनी मात्र दुसरं काही बघूच नये.

मी घेतली गिअरवाली हब मोटर, मागच्या चाकाची, ३६ व्होल्ट २५० वॉट, किट म्हणून: मोटर बसवलेलं चाक, १५ अँपिअरचा कंट्रोलर, पॅडल सेन्सर (पाय फिरले की मोटर चालू करणारा), थ्रॉटल (म्हणजे अॅक्सिलेटर), कटऑफवाले ब्रेक लिव्हर (दाबले की मोटर बंद) आणि छोटा डिस्प्ले. ऑनलाइन, १२,८०० ला. पुढच्या चाकाची दीड हजारानं स्वस्त होती आणि बसवायला सोपी, पण चढावर वजन मागं जातं, पुढचं चाक रेतीवर गरकन फिरतं, आणि माझा पुढचा चिमटा (फोर्क) सस्पेन्शनचा आहे, त्याच्या अॅल्युमिनियमच्या खाचेत मोटरचा अॅक्सल पिळ घालतो ते मला नको होतं.

एक गोष्ट घेताना कुणीच सांगत नाही, ती म्हणजे मोटरचा आरपीएम. एकाच मोटरमध्ये तांब्याचे वेढे कमीजास्त करून वेगवेगळे स्पीड येतात. २६ इंची चाकाला २०१ आरपीएम म्हणजे मोकळं फिरताना ताशी २५, आणि २६० म्हणजे ३२ च्या वर. दुकानदार जास्त आरपीएमवाली "फास्ट आहे" म्हणून गळ्यात मारतो. चढासाठी उलट पाहिजे, कमी आरपीएमची, कारण ती हळू चालताना पण स्वतःच्या सोयीच्या स्पीडजवळ असते आणि कमी तापते. मी विक्रेत्याला फोन करून विचारलं तर म्हणतो, "सर ते आरपीएम वगैरे कंपनी देत नाही, पण पळते भारी." आल्यावर चाक उचलून पूर्ण थ्रॉटल दिला, डिस्प्लेवर ३३ आले. म्हणजे फास्टवाली. स्पीड डिस्प्लेतून २५ ला बांधून टाकला, पण वेढे काही बदलत नाहीत. परत घ्यायची झाली तर हीच मोटर पण २०१ ची घेईन. या एका गोष्टीसाठी मोटरला पाचातले चार.

अजून एक थाप, "उतारावर बॅटरी चार्ज होते". साताऱ्यातल्या माणसाला हे ऐकून लाळच सुटते, सकाळचा सगळा उतार बॅटरीत भरायचा! गिअरवाल्या हब मोटरला आत क्लच असतो, उतारावर चाक फिरतं, मोटर फिरतच नाही, तर चार्ज काय होणार डोंबल. डायरेक्ट ड्राईव्हला होतं, योग्य कंट्रोलर असला तर, पण सायकलवर परत मिळणारं थोडंच असतं.

आता बॅटरी. खरं दुखणं इथं आहे आणि माझं मत विचाराल तर बजेट बसवताना आधी बॅटरी ठरवा, उरलेल्या पैशात मोटर.

किटबरोबर एका दुसऱ्या विक्रेत्याकडून बॅटरी घेतली, ३६ व्होल्ट १० अँपिअर अवर, लिथियम आयन, ७,९००. निळ्या प्लास्टिकच्या आवरणात गुंडाळलेली, वर स्टिकर, एक वर्ष वॉरंटी. पहिले पंधरा दिवस मस्त. मग एका रविवारी यवतेश्वर घाटाला गेलो, पहाटे, जिथं ती हिल मॅरेथॉनवाली मंडळी पळतात तोच रस्ता. निघताना डिस्प्लेवर पाच दांड्या. तिसऱ्या-चौथ्या वळणाला जोर दिला आणि फट्कन सगळं बंद, डिस्प्ले काळा. थांबलो, दोन मिनिटांनी परत चालू, दांड्या चार. परत चढ, परत बंद. असं पाच वेळा झालं, मग सायकल वळवली आणि उतारानं घरी आलो. शेजारून सत्तरीचे एक आजोबा पळत वर गेले, जाता जाता म्हणले, "दमली व्हय गाडी?"

घरी येऊन डोकं खाजवलं. मोकळ्या बॅटरीला मीटर लावला तर ३८ व्होल्ट, छान. चाक उचलून ब्रेक हलका दाबत थ्रॉटल दिला आणि मीटर बघितला, ३८ चे ३१ आणि आतल्या बीएमएसनं, म्हणजे बॅटरीला जपणाऱ्या सर्किटनं, तोंड मिटलं. म्हणजे लोड आला की व्होल्टेज ढासळतंय. तेव्हा सुचलं की वजन करू. खालच्या किराणा दुकानात नेली, त्यांच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर साखरेची पिशवी उतरवून ठेवली. १ किलो ६४० ग्रॅम. दुकानदार म्हणला काय आहे हो हे, बॉम्ब नाही ना.

आता बघा. या बॅटऱ्यांत १८६५० नावाचे सेल असतात, १८ एमएम जाड, ६५ एमएम उंच, पेन्सिल सेलचा थोरला भाऊ, एकाचं वजन ४५-४८ ग्रॅम. ३६ व्होल्टला दहा सेल ओळीत लागतात. अडीच हजार एमएएचचा, म्हणजे अडीच अँपिअर अवरचा, सेल धरला तर १० अँपिअर अवरला अशा चार ओळी, म्हणजे ४० सेल. नुसत्या सेलचंच वजन झालं १८००-१९०० ग्रॅम, वर पट्ट्या, बीएमएस, वायरी, आवरण. अशा सेलची १० ची बॅटरी सव्वादोन किलोच्या फार खाली जाऊ शकत नाही. माझी १६४०. फाडली. (फाडू नका तुम्ही, लिथियम आहे, पट्टी चुकून टेकली तर हातात जाळ. मी कंपनीतल्या इलेक्ट्रिशियनला घेऊन, हातमोजे घालून, उघड्यावर केलं.) आत ३० सेल निघाले. हिरवे, निळे, गुलाबी, तीन रंगांचे. काहींच्या टोकाला जुन्या पट्टीच्या वेल्डिंगचे ओरखडे, म्हणजे आधी दुसऱ्या कुठल्यातरी पॅकमधून सोलून काढलेले. एका ओळीतला सेल बाकीच्यांपेक्षा पाव व्होल्टनं खाली. त्याच्या आधी मीटर लावून पूर्ण उतरवून बघितली होती, १० च्या जागी ५.८ अँपिअर अवर निघाले.

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर काय, तर "सर आपने बॅटरी खोली, वॉरंटी व्हॉइड." फाडायच्या आधी तक्रार केली तेव्हा "चढ पे ज्यादा लोड मत दो" होतं. विषय संपला. मनस्ताप नको म्हणून पुढं काही केलं नाही, बायको मात्र अजून महिन्यातनं एकदा त्या ७,९०० ची आठवण काढते, साडी-बिडीचा विषय निघाला की हमखास.

तर बॅटरी घेताना पहिलं काम, वजन विचारा. विक्रेता सांगत नसेल तर पुढं जा. नुसता अँपिअर अवरचा आकडा कुणीपण स्टिकरवर छापतो, वजन छापता येत नाही.

तिसरी बॅटरी पुण्यातल्या एका पॅक बनवणाऱ्याकडून घेतली, फॉस्फेटची, म्हणजे एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट). मोठे गोल सेल असतात, ३२७००, जाडीला ३२ एमएम, एक सेल ६ अँपिअर अवरचा. बारा ओळीत, दोन जोडीत, असे २४ सेल: ३८.४ व्होल्ट, १२ अँपिअर अवर, गुणलं की ४६० वॉट अवर. मी अट घातली की आवरण घालायच्या आधीचा फोटो पाठवा आणि उतरवून बघितल्याचा आकडा पाठवा. पाठवले, कुरकुर न करता. १४,५००. आल्यावर पहिल्यांदा किराणा दुकान. ४ किलो ६० ग्रॅम. बरोबर, २४ सेलचेच तीन किलो साडेतीनशे होतात, त्यात बीएमएस आणि पत्र्याचा डबा.

फॉस्फेट का, तर तीन कारणं. नेहमीची लिथियम आयन साधारण ५०० ते ८०० वेळा चार्ज होऊन थकते, ही दीड-दोन हजार वेळा. दुसरं, ही सहजासहजी पेट घेत नाही. आमचं घर जुनं, वर लाकडी माळा, बॅटरी रात्री आतच चार्ज होणार, मला झोप यायला पाहिजे. आणि तिसरं, जोर दिल्यावर ही ढासळत नाही. तोटे पण आहेत. तेवढ्याच ताकदीला वजन दीडपट-दुप्पट, जागा जास्त. फ्रेमच्या त्रिकोणात जेमतेम बसली, पाण्याच्या बाटलीची जागा गेली. ज्याला सायकल उचलून तिसऱ्या मजल्यावर न्यायचीय त्यानं चांगल्या ब्रँडेड सेलची नेहमीची लिथियमच घ्यावी.

आणि एक वैतागवाणा तोटा: डिस्प्लेच्या दांड्या. या बॅटरीचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतं आणि मग एकदम कोसळतं, आणि डिस्प्ले व्होल्टेज बघूनच दांड्या दाखवतो. त्यामुळं तो फुल, फुल, फुल म्हणत राहतो आणि मग एका चढात संपलं. आमच्याकडच्या एका नातेवाइकाच्या तब्येतीसारखं, कधी विचारा "मी ठणठणीत". मी दांड्यांकडं बघायचं सोडलं, किलोमीटर लिहून ठेवतो. डिस्प्लेला पाचातले दोन, ते पण रात्री दिसतो म्हणून.

चार्जरचं नीट वाचा. नेहमीच्या ३६ व्होल्ट लिथियमला ४२ व्होल्टचा चार्जर लागतो, या बारा सेलच्या फॉस्फेटला ४३.८ चा. दोन्हीची पिन सारखीच असू शकते! फॉस्फेटला ४२ चा लावला तर सेल नीट बॅलन्स होत नाहीत, एवढंच. पण नेहमीच्या लिथियमला ४३.८ चा लावला तर सेल मर्यादेपेक्षा जास्त भरतो आणि वाचवणारा फक्त बीएमएस, तो पण स्वस्तातला असला तर देवाचं नाव घ्या. आमच्या घरी जुना चार्जर अजून होता, मी तो सरळ कंपनीत नेऊन स्टोअरच्या लॉकरला टाकला.

बसवण्याचं काम आमच्या सायकलवाल्या मामांनी केलं. मामांचं दुकान म्हणजे फुटपाथवर एक पेटी, हवेचा पंप आणि पाण्याची घमेली. मोटर बघून आधी म्हणले, "हे आमचं काम न्हाय दादा, करंटबिरंट लागायचा." मी म्हणलं मामा वायरिंग मी करतो, तुम्ही चाक बघा फक्त. चाक हातात घेतल्या घेतल्या त्यांनी फिरवलं, एक डोळा मिटला आणि म्हणले, "आउट हाय की, नव्या चाकाला?" तारा सगळ्या ढिल्या होत्या, किटवाल्यांनी नुसत्या लावून पाठवलेल्या. पाऊण तास लावून आउट काढला. त्या बिचाऱ्यांनी घेतले सव्वाशे रुपये. माझ्या मते या सगळ्या खर्चातले सगळ्यात वसूल झालेले सव्वाशे रुपये ते, कारण मोटरच्या चाकाची तार पहिल्या महिन्यात तुटते अशी बऱ्याच जणांची रड असते, माझी एकही नाही तुटली.

दुसरी गोष्ट टॉर्क आर्म, म्हणजे अॅक्सलला फिरू न देणारी पट्टी. मोटर चाकाला पुढं ढकलते तेव्हा तिचा अॅक्सल तेवढ्याच जोरानं मागं फिरायला बघतो, आणि त्याला धरून ठेवतात ते फक्त मागच्या खाचेतले दोन नट. नट ढिला पडला की अॅक्सल खाचेत गरगरतो आणि त्याच्या पोटातनं आलेली वायर पिळवटून तोडतो, मोटर गेली. किटमध्ये पत्र्याचा एक पातळ तुकडा दिलेला, तो मी फेकला. कंपनीत ६ एमएमच्या पट्टीचा तुकडा घेतला, अॅक्सलच्या चपट्या बाजू १० एमएमच्या असतात तेवढी घट्ट खाच पाडली, दुसरं टोक फ्रेमला क्लॅम्पनं बांधलं. दिसायला बैलगाडीची खीळ वाटते. असू दे. नट दर पंधरा दिवसांनी पाना लावून बघतो.

ब्रेक लिव्हरच्या कटऑफच्या वायरी काही जण "कशाला" म्हणून जोडत नाहीत. जोडा. पॅडल थांबवल्यावर पण सेन्सर अर्धा सेकंद उशिरा समजतो, तेवढ्यात मोती चौकात माणूस आडवा येतो.

पंक्चर हे मात्र खरंच कटकटीचं. मागचं चाक काढायचं म्हणजे टॉर्क आर्म, दोन नट, वायरचं कनेक्टर, आणि परत बसवताना वायसर उलटसुलट. दोन दुकानांनी तर सरळ हात जोडले. शेवटी मामाच. "चाक काढायचं कशाला? फिरवून बघू, काटा दिसला की तेवढाच टायर उचकटायचा, तेवढीच ट्यूब भाईर, चिकटवायचं, आत." दहा मिनिटं. त्यानंतर मी स्वतः पण असंच करतो.

पाऊस. साताऱ्यात सायकल चालवायची तर जूनपासून पुढं चार महिने पाऊस गृहीत. "वॉटरप्रूफ" लिहिलेलं असतं पण पाणी मोटरच्या आत जातं ते वायरीवरनं ओघळत, अॅक्सलच्या भोकातनं. वायर मोटरमधून बाहेर आली की तिला आधी खाली एक लोंबता वळसा द्या आणि मग वर न्या, पाणी वळशाच्या तळाला ठिबकून जातं, आत जात नाही. कंट्रोलर त्रिकोणातल्या पिशवीत, कनेक्टरच्या तोंडाला सिलिकॉन ग्रीस. पहिल्या पावसाळ्यात हे केलं नव्हतं, पॅडल सेन्सरच्या कनेक्टरला गंज आला आणि मोटर मनात येईल तेव्हा चालू व्हायची, ट्रॅफिकमध्ये हा प्रकार फार वाईट. एवढं सोडलं तर दोन पावसाळे निघाले.

आता चालतं कसं. रोजचे १३ किलोमीटर, जाताना मोटर बहुतेक बंद, येताना चालू, पाय सतत मारत. तीन दिवसांनी एकदा चार्ज करतो, प्लगला मीटर लावून बघितलं, ०.४ युनिट जातं. हिशोब करायच्या लायकीचा पण खर्च नाही तो. थ्रॉटल पिळून नुसतं बसून एकदा येऊन बघितलं, बॅटरी जवळपास दुप्पट गेली आणि समर्थ मंदिराच्या चढाला स्पीड ११ वर येऊन मोटर हाताला चटका बसेल एवढी तापली. तेव्हा चढावर मागचा मोठा (म्हणजे हलका) गिअर टाकून पाय भराभर मारायचे, स्पीड १४-१५ च्या खाली पडू द्यायचा नाही.

कासला पण जाऊन आलो, फुलांच्या सीझनमध्ये नाही, तेव्हा गाड्यांच्या रांगेत सायकल नको, नोव्हेंबरात. पंचवीसेक किलोमीटर आणि शहरापेक्षा साडेचारशे-पाचशे मीटर वर. १०० किलो १०० मीटर चढवायला २७ वॉट अवर, म्हणजे नुसत्या उंचीचेच १२५-१३५, बाकी रस्ता वेगळा. घाटात दोनदा थांबून मोटरला दहा-दहा मिनिटं गार केलं, मला पण. वर पोचलो, डबा खाल्ला, उतरलो. घरी येऊन लावली चार्जिंगला तर ०.३३ युनिट. म्हणजे बॅटरीत अजून चांगली शिल्लक होती. ज्या वळणाला निळी बॅटरी पाच वेळा बंद पडली तिथं थांबून फोटो काढला, उगाच.

उतरताना एक कळलं, सायकल सात किलोनं जड झालीय, ब्रेक शू एका ट्रिपमध्ये दिसण्याइतके झिजले. पुढच्या वेळी जायच्या आधी नवे टाकणार.

एकूण पैसे: चाललेल्या मालाचे २७,३०० आणि वर टॉर्क आर्म-पिशवी-ग्रीसचे पाचसातशे. वाया गेलेले १५,४००. बायकोला पहिला आकडा माहितीये, दुसऱ्यातला अर्धा माहितीये.

गेल्या आठवड्यापासून चढावर मोटरमधून बारीक खरखर ऐकू यायला लागलीय, थ्रॉटल सोडला की बंद. नायलॉनचे गिअर झिजले असणार, सात हजार किलोमीटर झालेत, त्यात माझी फास्टवाली मोटर, रोज चढ, चालायचंच. तीन गिअरचा सेट ९०० ला मागवलाय, ग्रीस कंपनीतल्या स्टोअरला आहे (विकत घेईन, फुकट नाही). रविवारी मामांच्या पेटीवर उघडायचं ठरलंय, मामा म्हणले, "करंट लागत न्हाय ना नक्की?"